परत न आलेला ताका

आमच्या भिवंडीच्या घरमालकांना कुठलीही गोष्ट हळू बंद करता येत नसे. पंखा बंद करायचा असला तरी ते बटणाकडं जात नसत, थेट मेन स्विच खाली पाडत. त्यात वरच्या मजल्यावरची माझी लाईटही जायची. मी जिन्यातून ओरडायची, "चाचा, माझी लाईट!" खालून तितक्याच मोठ्यानं उत्तर यायचं, "बाई, मोटरचा जळका वास आला! आधी बंद, मग बघा!" बघितल्यावर तो वास शेजारच्या घरातल्या करपलेल्या दुधाचा निघायचा. चाचा मेन स्विच वर करायचे आणि काही झालंच नाही अशा तोंडानं निघून जायचे.

"आधी बंद, मग बघा" हे त्यांचं ब्रीद होतं आणि ते कारखान्यातून आलेलं होतं. भिवंडीत कारखाना म्हणजे लूमचा, यंत्रमागाचा कारखाना, आणि चाचांचा तो घराला लागूनच होता. लूमवर ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांतली, एखादी तार तुटली आणि मशीन चालूच राहिली, तर कापडात त्या जागी रेघ पडते आणि ती पुढं लांबतच जाते. म्हणून नव्या कारीगराला पहिली शिकवण हीच, की तार तुटली की हँडल ओढायचं, विचार नंतर. चाचांनी वडलांच्या हाताखाली हे शिकून घेतलं आणि मग ते लूमपुरतं ठेवलं नाही. रिक्षात काही खडखडलं की ते रिक्षा थांबवत. कुकरची शिट्टी जरा वेगळी वाजली की गॅस बंद. भाचीच्या लग्नात स्टेजचा खांब हलल्यासारखा वाटला म्हणून त्यांनी भर निकाहात सगळ्यांना खाली उतरवलं होतं, आणि ही गोष्ट त्यांचे नातेवाईक अजून रंगवून सांगतात. खांब पक्का होता.

मी सांगलीकडून इथल्या मराठी शाळेत नोकरीला आले तेव्हा एकट्या बाईला खोली द्यायला लोक का-कू करत होते. चाचांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. माझ्या वळकटीवरची चादर चिमटीत धरली, अंगठ्यानं चोळली आणि म्हणाले, "सोलापूरची म्हणून दिली असंल. न्हाय ही सोलापूरची. फसवलं तुम्हाला." एवढ्यावर मुलाखत संपली आणि खोली मिळाली. पुढं माझ्या पडद्यांपासून ओट्यावरच्या फडक्यापर्यंत सगळं त्यांनी असंच चिमटीत धरून नापास केलं. शाळेत मी मुलांना नापास करायची आणि घरी आले की चाचा मला.

जन्म लूमच्या खडखडाटात गेल्यामुळं चाचा सगळ्या जगाशी ओरडून बोलत. चाचींशी मात्र ते आवाजच काढत नसत. कारखान्यात ओरडून काही उपयोग नसतो, म्हणून तिथली माणसं नुसते ओठ हलवून आणि बोटांच्या खुणा करून बोलतात. चाची तरुणपणी तिथं कांड्या भरायला, म्हणजे रिळांवर धागा गुंडाळायला, बसत, तेव्हापासून नवरा-बायकोची हीच भाषा. अंगणाच्या एका टोकाला चाची तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या, दुसऱ्या टोकाला चाचा पेपर घेऊन, आणि मधेच दोघं एकदम हसायला लागायचे. "काय म्हणाल्या चाची?" असं मी विचारलं की चाचा म्हणत, "ते लूमचं हाय, बाई. तुम्हाला न्हाय समजायचं." इतकी वर्षं त्यांच्या घरात राहून चाचींचा आवाज मी फार थोडा ऐकला. माझ्याशीसुद्धा त्या भुवयांनीच जास्त बोलायच्या.

गल्लीच्या तोंडाशी चहाचं एक हॉटेल होतं. सकाळी पाळी बदलायच्या वेळेला चाचा तिथं मराठी, हिंदी, उर्दू असे तीन पेपर घेऊन बसत. कामावरून सुटलेले यूपीचे कारीगर, कामावर निघालेले गोदामातले हमाल, दुकान उघडायला निघालेले शेजारी, सगळे तिथं थांबत. "कान इकडं, हात चहाला!" अशी आरोळी देऊन चाचा वाचायला सुरुवात करत. उर्दूतली बातमी मराठीत, मराठीतली हिंदीत, आणि मधेमधे स्वतःची टिप्पणी. लोक त्यांच्यावर विश्वास ठेवत, कारण चाचा कधी खोटं बोलत नसत. छापलेलं खोटं असू शकतं, हे मात्र त्यांना पटत नसे. "एवढा कागद, एवढी शाई. खोट्यासाठी कोण खर्च करंल?" असं ते व्यापाऱ्याच्या हिशेबानं विचारत.

एकदा कुठल्याशा पेपरात चहापत्तीतल्या भेसळीबद्दल आलं. त्याच क्षणी घरातला चहा बंद. चाचांनी डबा मोरीत उपडा केला. मग चाची दुपारी वर माझ्याकडं येऊन चहा पिऊ लागल्या. कप दोन्ही हातांत धरून त्या खाली अंगणाकडं मान करायच्या आणि भुवया उडवायच्या. थोड्या दिवसांनी दुसऱ्या पेपरात आलं, की भेसळ भलत्याच राज्यातल्या कुणा भलत्याच माणसाच्या गोदामात सापडली होती. घरात चहा पुन्हा सुरू झाला. आम्ही पोट धरून हसलो. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

चाचांची मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट वेगळीच होती. लूमवरून उतरलेल्या कापडाची घडी घालून जो गठ्ठा करतात त्याला ताका म्हणतात. व्यापाऱ्याकडं गेलेल्या ताक्यात खोट निघाली, तर इतर कारखानदार दलालाला पुढं करून वाद घालत बसायचे. चाचा स्वतः जायचे. व्यापाऱ्याच्या गादीवरून ताका खांद्यावर घ्यायचे आणि भर बाजारातून, सगळ्यांना दिसेल असे, चालत घरी यायचे. "हमाल का नाही करत?" असं मी एकदा विचारलं. "हमालानं काय केलंय? माल माझा, खोट माझी. मीच आननार," ते म्हणाले. लोक त्यांना नावं ठेवायचे, पण त्यांचा माल डोळे मिटून घ्यायचे.

मग लूमचे दिवस फिरले. गल्लीतला एकेक कारखाना बंद पडू लागला आणि एका सकाळी चाचांनीही आपले सगळे लूम भंगारवाल्याला देऊन टाकले. निम्मे ठेवू, निम्मे काढू, असलं काही त्यांच्या स्वभावात नव्हतंच. टेम्पो गेल्यावर ते रिकाम्या कारखान्यात उभे होते आणि मला म्हणाले, "बाई, किती मोठी जागा व्हती ही. कधी दिसलीच न्हाय."

त्या शांततेत चाचींची झोप गेली. नवरी होऊन आल्या तेव्हापासून त्या भिंतीपलीकडं लूम चालू असताना झोपलेल्या. इतरांना आवाजानं जाग येते, चाचींना आवाज थांबला की यायची. चाचांनी एक खडखडणारा टेबलफॅन आणून लावला. त्याचा आवाज चाचींनी नापास केला. शेवटी गल्लीतल्या डॉक्टरांनी झोपेची एक लहानशी गोळी लिहून दिली. ती थोड्या दिवसांसाठी होती, पण झोप लागू लागली आणि गोळी चालू राहिली, ती चांगली दोनेक वर्षं. "मनानं बंद करायची नाही. मला विचारायचं, आपण हळूहळू कमी करू," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. चाची हो म्हणाल्या होत्या. चाचा शेजारीच बसलेले होते, पण त्यांचं लक्ष डॉक्टरांच्या टेबलावरच्या पेपरात होतं.

एव्हाना पेपरची जागा मोबाईलनं घेतली होती. हॉटेलात बसणारे कारीगर कमी झाले, तशी चाचांनी बातम्या आपल्या आवाजात भरून ग्रुपवर पाठवायची पद्धत सुरू केली. कारखानदारांचा ग्रुप, मोहल्ल्याचा, खारबावच्या भावकीचा, पडघ्याच्या सासरवाडीचा. आरोळी फक्त जरा बदलली, "कान इकडं, हात कामाला!"

अशात त्यांना तो व्हिडिओ आला. खाली धावणारी लाल पट्टी, कोटातला माणूस, मागं गरगर फिरणारा मेंदू. कुठल्या वाहिनीचा, कोण बोलतंय, काही पत्ता नाही, पण थाट सगळा बातम्यांचा. झोपेची गोळी घेणाऱ्यांच्या मेंदूला भोकं पडतात, डॉक्टर हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत, गोळी आजच्या आज बंद करा. आणि बंद केल्यावर हात थरथरले, घाम फुटला, तर घाबरू नका, ते शरीरातलं विष बाहेर पडत असतं.

तार तुटली होती. चाचांनी हँडल ओढलं. गोळ्यांची पाकिटं मोरीत गेली आणि पाठोपाठ चाचांचा निरोप सगळ्या ग्रुपवर. तो मलाही आला. मी अर्धाच ऐकला, कारण बोलणं खालून थेटच ऐकू आलं होतं. तशीच खाली गेले आणि म्हणाले, "चाचा, निदान डॉक्टरांना तरी विचारा."

"डॉक्टर कसे सांगतील? बातमीतच दिलंय ना, डॉक्टर न्हाय सांगनार म्हणून."

त्या बातमीनं बाहेर पडायचं दार आधीच लावून घेतलं होतं.

चाचींचे हात कापू लागले. कपातला चहा बशीत यायचा. झोप तर पार उडालीच, वर घाम, छातीत धडधड, बारीकशा आवाजानं दचकणं. चाचा मात्र खुशीत होते. येईल त्याला सांगत होते, "निघतंय, निघतंय. जहर निकल रहा है." मी चाचींचा हात धरला आणि म्हणाले, "चला माझ्याबरोबर दवाखान्यात." चाचींनी चाचांकडं पाहिलं. चाचांचे ओठ हलले. चाची माझ्याकडं बघून कशाबशा हसल्या आणि त्यांनी मान हलवली. आयुष्यभर ज्या माणसाच्या ओठांवर विश्वास ठेवला, त्याच्यापुढं माझं काय चालणार?

शाळेला सुट्टी होती, दुपारची वेळ होती. अंगणात भांडं पडल्याचा आवाज आला म्हणून मी खाली धावले. चाची मोरीच्या कट्ट्यावरून खाली पडल्या होत्या. अंग ताठ झालं होतं आणि झटके येत होते. चाचा त्यांच्याजवळ गुडघ्यावर बसून काहीतरी बोलत होते. आवाज नव्हता, नुसते ओठ भराभरा हलत होते. चाचींचे डोळे वर गेले होते. त्या बघत नव्हत्या, त्यामुळं चाचांचं काही त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. मी खूप वाईट गोष्टी पाहिल्यात, पण ते हलणारे ओठ अजून डोळ्यांपुढून जात नाहीत.

चाची वाचल्या. पडताना खुब्याचं हाड मोडलं होतं, ते काही नीट सांधलं नाही. त्या पुन्हा आपल्या पायांनी चालल्या नाहीत.

इस्पितळात "औषध कोणाच्या सांगण्यावरून बंद केलं?" असं विचारल्यावर चाचा म्हणाले, "बातमीत व्हतं." घरी आल्यावर गल्लीतले डॉक्टर आले, खुर्ची ओढून चाचांच्या समोर बसले. रागावतील असं वाटलं होतं, पण ते थकल्यासारखे बोलले. "चाचा, त्यात सगळंच खोटं नव्हतं, तेच तर वाईट आहे. या गोळ्यांची सवय लागते. म्हातारपणी तोल जातो. म्हणूनच तर मी त्या कमी करणार होतो. पण इतके दिवस घेतलेली गोळी एकदम तोडली की डोकं चवताळून उठतं. फिट येते. जीवसुद्धा जातो."

चाचा म्हणाले, "म्हंजे आधी बंद, मग बघा, हे इथं चालत न्हाय."

"नाही चालत. इथं आधी बघायचं. मग बंद, तेही हळूहळू."

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा हॉटेलात गेले. पेपर नेले नाहीत. "कान इकडं," एवढंच म्हणाले, चहाचं नावही काढलं नाही. "मी गोळीची जी बातमी दिली ती खराब निघाली. माझ्याच घरात मानूस पडलं. कुनी बंद केली असंल तर आज डॉक्टरकडं जा. कुनाला पाठवली असंल तर त्याला सांगा." बाकावरचा एक कारीगर हसला. "चाचा, डॉक्टर ने पटा लिया क्या आपको? उनका तो धंदाच हाय." दुसरा म्हणाला, "पहले आप ही तो बोले थे." चाचांचा आवाज पहिल्यांदाच कमी पडला होता.

मग ते घरोघर फिरायला लागले. खराब माल परत आणायचा तो स्वतः जाऊन, हे त्यांना माहीत असलेलं एकच शास्त्र होतं. दारात उभं राहून म्हणायचे, "माझा माल खराब निघाला. परत द्या." खारबावला त्यांच्या चुलतभावानं झोपेच्याच काय, रक्तदाबाच्याही गोळ्या बंद करून टाकल्या होत्या. गोळ्या त्या गोळ्याच, असं त्याचं म्हणणं. तो छाती ठोकून म्हणाला, "मेलो का मी? मंग? तूच तर शानपना शिकवलास." चाचा बस बदलत, उन्हातान्हातून, जेवणाची शुद्ध न ठेवता हिंडत होते. प्रत्येक दारात कळायचं, की निरोप तिथून आणखी चार दारांना गेलाय. ताका एका व्यापाऱ्याकडं जातो, तो खांद्यावर घालून आणता येतो. हे कुठून कुठून आणणार होते?

एकदा मात्र ते पडघ्याहून परतले तेव्हा चेहरा उजळलेला होता. चाचींच्या भावजयीलाही तसलीच गोळी चालू होती आणि चाचांचं ऐकून तिनंही नुकतीच सोडली होती. हात कापायला लागलेच होते. चाचांनी तिला रिक्षात घालून तिच्या डॉक्टरकडं नेलं, गोळी परत सुरू होईपर्यंत तिथून हलले नाहीत. जिना चढून वर आले आणि दारातूनच म्हणाले, "बाई, एक ताका परत आला." असं म्हणताना ते लहान मुलासारखे रडायला लागले. मी चहा टाकला.

त्यांनी दुरुस्तीचा निरोपही आवाजात भरून पाठवला. तो लांबलचक होता. आपल्या डॉक्टरला विचारून, प्रत्येकाचं वेगळं असतं, थोडी थोडी, मधे त्रास झाला तर थांबून, असं सगळं त्यात होतं. तो कुणीच पुढं पाठवला नाही. "बंद करा म्हनायला काय लागतं?" चाचा म्हणाले. "कशी बंद करायची ते सांगायला अख्खी दुपार लागते. कोन ऐकंल?"

चाचींची गोळी पुन्हा सुरू झाली आणि पुढं डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणं कमी होत गेली. चाचा चष्मा लावून खिडकीत बसत आणि गोळीचे अर्धे, पुढं पाव तुकडे करत. थोडं कमी केलं की मधले कित्येक दिवस वाट बघायची, मग पुन्हा थोडं. मेन स्विच पाडणाऱ्या त्या माणसाला मी हे करताना बघायची. शेवटी गोळी सुटली. चाची गोळीशिवाय झोपू लागल्या, पूर्वीइतकं नाही, पण झोपू लागल्या. डॉक्टरांनी पहिल्यापासून हेच करायचं ठरवलं होतं. फरक इतकाच, की तेव्हा चाची स्वतः जिना चढून माझ्याकडं चहाला येऊ शकत होत्या.

पुढं मला दुसऱ्या गावची शाळा मिळाली आणि मी भिवंडी सोडली. चाचा गेल्याचं फोनवर कळलं. सकाळी पेपर वाचता वाचता, एकदम. हळूहळू बंद होणं त्यांना स्वतःलाही जमलं नाही. चाची आता पडघ्याला त्याच भावजयीकडं असतात. ती त्यांचं सगळं मनापासून करते.

परवा आमच्या नव्या शाळेतल्या एका बाईंनी शिक्षकांच्या ग्रुपवर एक ध्वनिनिरोप टाकला. वर लिहिलं होतं, "आईवडलांसाठी महत्त्वाचं, जरूर ऐका." मी सहज दाबलं.

"कान इकडं, हात कामाला!"

खोटं कशाला बोलू, पहिल्या क्षणी मला आनंद झाला. किती दिवसांनी तो आवाज कानावर पडला होता, तोच ठणठणीत, सगळ्या जगाशी ओरडणारा. मग ते काय बोलतायत ते कळलं. मी लगेच खाली लिहिलं, हे खरं नाही, बोलणाऱ्या माणसाला मी ओळखत होते, त्यांनी स्वतःच हे परत घेतलं होतं. त्या बाईंचं उत्तर आलं, "अगं बाई! मी तर गावाकडच्या सगळ्या ग्रुपवर टाकलं. पण किती कळकळीनं बोलतायत ना ते?"

कळकळ तर होतीच.

मग मी तो निरोप पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकला. बोलणं संपल्यावर चाचांनी फोन लगेच बंद केलेला नाही. जन्मभर सगळं झटक्यात बंद करणारा माणूस, पण ते एक बटण दाबायला त्यांना उशीर झाला. मागं भांड्यांचा आवाज येतो. मग चाचींचा आवाज, अगदी जवळून. चाचांची पाठ त्यांच्याकडं असणार, नाहीतर त्या मोठ्यानं बोलल्या नसत्या.

"अवो, मंग मी आज काय घेऊ?"

पुढं काही ऐकू येत नाही. चाचांनी मागं वळून ओठांनी उत्तर दिलं असणार, आणि ते काय होतं हे या वेळी मला कुणाला विचारावं लागलं नाही.